जुन्या गाडीचा नवा रंग : घरी काय करावे आणि कुठे थांबावे



इकडे मिशिगनमध्ये मार्च संपता संपता बर्फ वितळतो आणि गाडीवरचे मिठाचे पांढरे ओघळ धुतल्यावर हिवाळ्याचा खरा हिशोब समोर येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या अठरा वर्षे जुन्या सेडानच्या पुढच्या मडगार्डच्या कडेला रंगाला फोड आलेले दिसले. बॉनेटवरची चकाकी सापाच्या कातेसारखी सोलून निघत होती. इंजिन मात्र ठणठणीत. दुकानात रंगवायला सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता, म्हणून मी घरीच करायचे ठरवले. तुमच्याही गॅरेजमध्ये अशी एखादी गाडी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. रंगकामातला बहुतेक भाग घरी उत्तम होतो. एक भाग घरी करू नये. तो कोणता आणि का, हे समजायला आधी रंगाच्या आत डोकवावे लागेल.

रंग म्हणजे चार थर

आपल्याला दिसतो तो एकच रंग, पण कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यात खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर. अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विद्युतदाबामुळे रंगाचे कण सांदीकोपऱ्यातही जाऊन चिकटतात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे अस्तर, म्हणजे प्रायमर. मग खरा रंग, ज्याला बेसकोट म्हणतात. हा जेमतेम १५ ते २० मायक्रॉन जाड असतो. सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढीच जाडी!

चकाकी आणि उन्हापासून संरक्षण ही क्लिअरकोटची कामे. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. वर्षानुवर्षे उन्हात ती संपत जातात, किरण खालच्या बेसकोटपर्यंत पोचतात आणि दोन थरांमधली पकड सुटते. माझ्या बॉनेटची कात निघाली ती अशी. बॉनेट आणि टप आधी खराब होतात आणि दारे नंतर, कारण ऊन वरून पडते.

फोड वर दिसतो, रोग खाली असतो

मडगार्डची गोष्ट वेगळी. तिथे एखाद्या खड्याने रंगाला बारीक टवका पाडलेला असतो. उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की पत्र्यावर चिमुकली बॅटरी तयार होते. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, शेजारच्या जागी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो. रस्त्यावरचे मीठ या बॅटरीचा प्रवाह वाढवते, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते. शिवाय हे क्षार हवेतली ओल धरून ठेवतात, त्यामुळे पत्रा लवकर सुकत नाही.

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. तो रंगाला खालून उचलतो, उचललेल्या रंगाखाली आणखी पाणी शिरते आणि वर्तुळ पुरे होते. म्हणून गंजावरून रंग मारणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. फोड दिसतो त्याच्या सभोवती बोटभर तरी रंग काढून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायलाच हवे. पत्रा टोकरल्यावर आरपार भोक पडले, तर ते मडगार्ड बदला. बॉनेट, पुढची मडगार्डे, दारे आणि बंपर बोल्टवर बसवलेले असतात, त्यामुळे ते सुटे मिळतात आणि सुटे काढता येतात. टप आणि मागच्या चाकांवरचा पत्रा वेल्ड केलेला असतो. तिथे गंज आरपार असेल तर घरगुती काम नव्हे.

सोडवताना जोडणीचा विचार

पहिला पाना लावण्याआधी फोनवर भरपूर फोटो काढा. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ ओढा, म्हणजे बॉनेट परत त्याच जागी बसेल. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर नाव लिहा. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा हमखास तुटतात, तेव्हा डझनभर आधीच मागवून ठेवा. एअरबॅगच्या सेन्सरजवळ किंवा दाराच्या वायरींना हात लावायचा असेल, तर आधी बॅटरीची तार काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितला आहे तितका वेळ थांबा.

घासण्याचे गणित

पॉलिश पेपरवरचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक, हे आपल्याला माहीत असते. किती बारीक, ते पाहा. पी ८० चा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, पी १८० चा ८०, पी ३२० चा ४६, पी ६०० चा २६ आणि पी २००० चा जेमतेम १० मायक्रॉन. आता वरची जाडी आठवा. पी ८० चा नुसता कण गाडीच्या चारही थरांहून जाड आहे! त्याने पाडलेल्या चरांवर २० मायक्रॉनचा बेसकोट मारला तर ते चर झाकले जाणार नाहीत, उलट चकाकीत उठून दिसतील. म्हणून गंज काढायला ८०, मग १८०, मग ३२०, आणि प्रायमरवर ओल्या हाताने ६००. प्रत्येक पायरीचे काम एकच : आधीच्या पायरीचे ओरखडे मिटवणे. पायरी गाळलीत तर ती दोन महिन्यांनी उन्हात दिसते. पेपर विकत घेताना आकड्याआधी पी आहे ना, ते पाहा. अमेरिकेत दुसरी मोजपद्धतही चालते आणि तिचे बारीक आकडे पी शी जुळत नाहीत.

खोलगट जागी लांबी भरायची. बाजारात मिळते ती बहुधा पॉलिएस्टरची असते आणि पाणी शोषते. उघडी लांबी घेऊन गाडी पावसात फिरवू नका. घासताना धुळीचा चांगला मास्क हवा. गाडी फार जुनी असेल तर रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासण्यापेक्षा ओले घासलेले बरे.

स्वच्छतेची परीक्षा

माझी फजिती इथे झाली. सगळे नीट घासून मी चाचणीसाठी एका तुकड्यावर रंग मारला आणि त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले. कारण शोधले तर आदल्या दिवशी त्याच गॅरेजमध्ये मी डॅशबोर्डला चमक आणणारा सिलिकॉनचा फवारा मारला होता. द्रव कमी पृष्ठताणाच्या जागेकडून जास्त पृष्ठताणाच्या जागेकडे ओढला जातो. पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचा थेंब टाकला की मिरपूड कडेला पळते, तसाच सिलिकॉनच्या सूक्ष्म थेंबापासून रंग दूर पळतो आणि मध्ये खड्डा उरतो.

यावर सोपी परीक्षा आहे. डीग्रीझरने पुसलेल्या, अस्तर लावलेल्या पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखे पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फाटले तर तिथे तेलकटपणा आहे; पुन्हा पुसा. उघड्या लोखंडावर मात्र पाणी ओतू नका, गंज लगेच धरतो. तिथे एका स्वच्छ फडक्याने डीग्रीझर लावा आणि तो सुकायच्या आत दुसऱ्याने टिपून घ्या. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा. त्यात आयसोसायनेट नाही ना, हे डब्यावर वाचा.

हवामानही पाहायचे. थिनर उडून जाताना पत्रा थंड करतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. पत्र्याचे तापमान त्याखाली गेले की अदृश्य दव पडते आणि रंग दुधाळ होतो किंवा धरत नाही. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. जुलैतल्या दमट संध्याकाळी काम काढू नका.

इथे थांबा

आता तो एक भाग. आजचे टिकाऊ क्लिअरकोट दोन डब्यांचे असतात : रेझिन आणि हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात, म्हणून थर काचेसारखा कडक होतो आणि पेट्रोलनेही विरघळत नाही. फवाऱ्यातून तेच आयसोसायनेट श्वासात आले तर फुप्फुसांच्या प्रथिनांनाही बांधतात. काही जणांचे शरीर त्यांना शत्रू म्हणून लक्षात ठेवते आणि दमा जडतो. एकदा तसे झाले की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणू शकते. आणि वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते, म्हणजे नाक इथे पहारेकरी नाही. कोळशाचे साधे फिल्टर केव्हा संपले हेही त्यामुळे कळत नाही. व्यावसायिक रंगारी बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा घालून, हवा खेचणाऱ्या बंद खोलीत हे काम करतात. खालचे बटण दाबून आत हार्डनर सोडायचे जे फवारे मिळतात, त्यांतही हीच द्रव्ये असतात.

लहानपणी आपण रस्त्याकडेच्या गॅरेजात नाकाला रुमाल बांधून रंग मारणारे कारागीर पाहिले आहेत. त्यांचा हात बघत राहावासा असायचा, पण तो रुमाल त्यांना वाचवत नव्हता. आपण तर घराला जोडलेल्या गॅरेजात काम करतो, भिंतीपलीकडे मुलांची खोली असते. आणखी एक गोष्ट : थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून पसरते. गॅरेजात गॅसचा पाणीतापक असेल तर त्याच्या छोट्या ज्योतीपर्यंत ती पोचते. प्रायमर मारतानासुद्धा तापक बंद, दार उघडे आणि बाष्प व कण दोन्ही गाळणारा मुखवटा आवश्यक.

म्हणून मी असे केले. काढणे, गंज घासणे, लांबी, इपॉक्सी प्रायमर आणि ६०० चे शेवटचे घासणे घरी. मग तयार बॉनेट आणि मडगार्ड गाडीत घालून एका छोट्या रंगदुकानात. बिलाचा मोठा भाग तयारीच्या मजुरीचा असतो आणि ती मजुरी मी आधीच केली होती. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर मिळतो, तो द्या. चंदेरी किंवा मेटॅलिक रंग असेल तर शेजारच्या भागाशी जुळवून घ्यायला सांगा. त्यातले ॲल्युमिनियमचे कण रंग ओला पडला की वेगळे बसतात आणि कोरडा पडला की वेगळे, त्यामुळे तोच डबा असूनही छटा बदलते.

परत जोडताना

रंगवलेल्या कडांना टेप लावा, आणि बॉनेट धरायला दुसरा माणूस घ्या. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवा, फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना ते पाहा, मगच आवळा. बॉनेट पहिल्यांदा हळूच टेकवा आणि कुलूप व दुसरी सुरक्षाखूण दोन्ही धरतात का ते तपासा. हायवेवर बॉनेट उघडणे परवडणारे नाही. मडगार्डच्या आतल्या कडेला मेणाचा गंजरोधक फवारा मारा, पण पाणी जायची भोके बुजवू नका. क्लिअरकोट पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे रंगदुकान सांगेल तितके आठवडे, वर मेण लावू नका. आतला थिनर बाहेर पडायला वाट हवी.

दोन हिवाळे झाले, मडगार्डवर अजून फोड नाही. शेजारी विचारतात, कुठून रंगवलीस? मी सांगतो, शेवटचा अर्धा तास दुकानात आणि आधीचे तीन शनिवार-रविवार माझ्या गॅरेजात. तुम्हीही तसेच करा. गाडीला रंग परत देता येतो. फुप्फुसे मात्र दुकानात नेऊन नवी करता येत नाहीत.