दुखणे थांबले, तरी गोळी का?

प्रश्न : वडिलांना गाऊट आहे. अंगठा सुजला की वेदनाशामक गोळीने बरे वाटते. मग अ‍ॅलोप्युरिनॉल रोज कशाला घ्यायची?

उत्तर : वेदनाशामक किंवा कोल्चिसिन सूज उतरवते, सांध्यातले युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक मात्र तिथेच राहतात. रक्तातले त्याचे प्रमाण डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की हे स्फटिक बनू लागतात आणि ६ च्या खाली टिकले की हळूहळू विरघळतात. अ‍ॅलोप्युरिनॉल हे प्रमाण खाली ठेवण्याचे काम करते, म्हणून वारंवार दुखणे उलटत असेल तर ती रोजच घ्यायला हवी. ‘दुखत होते तेव्हा तपासणी नॉर्मल आली’ हा आक्षेप फसवा आहे, कारण ऐन दुखण्यात हे प्रमाण तात्पुरते उतरू शकते. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. ‘गोळी सुरू केल्यावर दुखणे वाढले’ हेही खरे असते. स्फटिक विरघळताना तसे होते. त्यासाठीच मात्रा कमीपासून वाढवतात आणि सुरुवातीचे काही महिने सोबत कोल्चिसिन देतात. पथ्याने फायदा होतो, पण बहुधा तेवढ्याने भागत नाही. अंगावर पुरळ उठल्यास गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवा. एरवी बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू नका.