विंग घेण्याआधी टाक्या जोखा

सुरतेत राहून स्कूबाचं सामान जमवणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. समुद्र दारात आहे, पण तो डुबकीचा नाही. डुमस, सुवाली, हजिरा, कुठेही उभे राहा, समोर खंभातच्या आखाताचं गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीची देशात नावाजलेली ओढ. 2001 मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने याच आखाताच्या तळाशी जुन्या वस्तीच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं आणि मोठा वाद झाला. त्या वेळीही तळावरच्या वस्तू ड्रेजिंग करून वर काढाव्या लागल्या, कारण त्या प्रवाहात आणि त्या अंधारात पाणबुड्यांना काम करणं अवघड होतं. म्हणून इथला हौशी डायव्हर सराव करतो शहरातल्या तरणतलावात, सामान मागवतो बाहेरून आणि डुबकी मारतो मालवण, गोवा, नेत्राणी किंवा अंदमानात, तिथे भाड्याने मिळेल त्या टाक्या पाठीवर घेऊन. जोडटाक्यांसाठी (पाठीवर शेजारी बांधलेल्या दोन टाक्यांसाठी) विंग, म्हणजे हवा भरून उचल देणारी पाठीवरची पिशवी, निवडताना बहुतेकांची गफलत होते ती इथेच. विंग आपली, टाक्या परक्या. मग विंगचाच विचार आधी होतो. माझं म्हणणं असं की विंग शेवटी निवडायची. आधी पाठीवर येणाऱ्या टाक्यांचा आणि अंगावरच्या सूटचा हिशोब मांडायचा, आणि त्याहीआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: ही विंग तीस मीटरवर फाटली तर मी वर येणार कसा?

हिशोब अवघड नाही. आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरांवर सहसा मिळते ती अ‍ॅल्युमिनियमची टाकी, जिला सगळे 'एटी' म्हणतात. साधारण 11 लिटरची, 207 बारपर्यंत भरणारी. ती भरलेली असताना पाण्यात किलोभरापेक्षा कमीच जड असते आणि रिकामी झाली की चक्क दीड-दोन किलोने वर तरंगू पाहते. हा फरक म्हणजे आतल्या हवेचं वजन, टाकीमागे पावणेतीन किलोच्या आसपास. हवेलाही वजन असतं हे शाळेत शिकलेलं इथे पाठीवर जाणवतं. दोन टाक्यांची हवा साडेपाच किलो धरा. त्यात दोन टाक्या जोडणारा मॅनिफोल्ड आणि स्टीलचे पट्टे मिळून तीनेक किलो, टाक्या आणि विंग जिला बांधतात ती स्टीलची बॅकप्लेट अडीच, दोन रेग्युलेटर दीड-दोन किलो. रिकाम्या टाक्यांची उचल यातून वजा केली की सगळी बेरीज डुबकीच्या सुरुवातीला साडेआठ-नऊ किलो जडपणाची होते. तीन मिलिमीटरचा वेटसूट पृष्ठभागावर दोन किलोच्या आसपास उचल देतो, पण तीस मीटरवर चौपट दाबाखाली निओप्रीन दबतं आणि ती उचल बहुतांशी जाते. म्हणजे खाली, भरल्या टाक्यांनिशी, विंगने पेलायचं ओझं नऊ किलोच्या आत आहे. पृष्ठभागावर डोकं नीट पाण्याबाहेर ठेवायला वर चार-पाच किलो लागतात, पण तिथे सूटची उचल परत आलेली असते. अठरा किलोची, म्हणजे अमेरिकन लेबलवर चाळीस पौंड लिहिलेली विंग इथे पुरून उरते.

आता त्याच जागी स्टीलच्या 12 लिटरच्या जोडटाक्या ठेवा. भरलेली एकेक टाकी चार-साडेचार किलो जड. तीच प्लेट, तोच मॅनिफोल्ड, तेच रेग्युलेटर धरले तर बेरीज सोळा किलोच्या घरात जाते. पृष्ठभागावर डोकं बाहेर ठेवायचं तर अठरा किलोची विंग काठावर येते आणि तेवीस ते सत्तावीस किलोची घ्यावी लागते. दुकानदार इथे थांबतो. मोठी टाकी, मोठी विंग, हिशोब जुळला. पण विंग फाटली तर? अंगावर शिशाचा एक तुकडा नाही, कारण एवढ्या जड सामानाबरोबर शिसं लागतच नाही. टाकून द्यावं असं काहीच नाही आणि सोळा किलो नुसते फिन मारून कुणी वर आणत नाही. थंड पाण्यातले लोक स्टीलच्या जोडटाक्या वापरतात ते ड्रायसूटच्या भरवशावर. त्या सूटमध्ये हवा भरता येते, म्हणजे उचलीचं दुसरं साधन अंगावरच असतं. सव्वीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात ड्रायसूट घालून कोण उकडून घेईल? त्यामुळे परदेशी लेख वाचून, तिथल्या टाक्यांसाठी सुचवलेली विंग मागवणं म्हणजे दुसऱ्याच्या समुद्राचा हिशोब आपल्या पाठीवर घेणं.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा, आणि वरवर बिनतोड. मोठी विंग घेतली तरी हवा आपणच भरतो, हवी तेवढीच भरू. जास्तीची जागा असली तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. मोठ्या पिशवीत थोडी हवा असली की ती एका जागी राहत नाही, जी बाजू उंच तिकडे सरकते, आणि कुशीवर झुकलेला माणूस आणखी झुकतो. हवा सोडायच्या वेळी ती डंप व्हॉल्व्हपाशी नसते, घडीत कुठेतरी अडकलेली असते. ही घडी आवळायला काही विंगांना भोवती रबरी दोऱ्या लावतात. भोक पडलं तर त्याच दोऱ्या उरलेली हवाही पिळून बाहेर काढतात, आणि इन्फ्लेटर, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची कळ, बंद पडला तर तोंडाने हवा भरताना त्यांच्याशीच झुंजावं लागतं. इन्फ्लेटरचं बटण अडकलं आणि हवा आपोआप भरत राहिली तर अठरा किलोच्या पिशवीला मर्यादा लवकर येते, जास्तीची हवा प्रेशर व्हॉल्व्हमधून निघून जाते. पंचेचाळीस किलोची पिशवी मात्र फुगतच राहते आणि माणसाला बुचासारखं वर फेकते. याहून मोठा तोटा डोळ्याला दिसत नाही. मोठी विंग जास्तीचं शिसं झाकून टाकते. आपण चार किलो जड आहोत हे अठरा किलोच्या विंगमध्ये लगेच कळतं, मोठ्या विंगमध्ये वर्षानुवर्षं कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. दोन ब्लॅडरची, म्हणजे आत हवेच्या दोन पिशव्या असलेली विंग घ्या, एक गेलं तर दुसरं आहे, असं सांगणारे लोक म्हणतात की ड्रायसूट नसलेल्या गरम पाण्यातच याची खरी गरज आहे. तर्क बरोबर आहे. पण दुसरं ब्लॅडर आपल्यासोबत दुसरा इन्फ्लेटर, दुसरी नळी आणणार. तो दुसरा इन्फ्लेटर हळूहळू आत हवा सोडू लागला तर माणूस वर जाऊ लागतो, हात सवयीने पहिल्याच इन्फ्लेटरकडे जातो, तिथून हवा सोडली तरी वर जाणं थांबत नाही, आणि कारण शोधण्यात मोलाचे क्षण जातात. म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी जडपणा कमी करा: अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या, स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट. प्लेटचा फरक दीड किलोचा, आणि तेवढं वजन गरज पडली तर बेल्टवर घेता येतं, जिथून ते टाकता येतं. आता सुरुवातीचा जडपणा सात किलोच्या आसपास येतो. फिन मारत, धापा टाकत का होईना, वर येता येण्याच्या टप्प्यात. शिवाय वर येताना सूट पुन्हा फुलतो आणि हवा वापरली जाते तसा प्रत्येक मिनिटाला भार उतरतो. बंद तोंडाची मोठी एसएमबी (पृष्ठभागावर खूण म्हणून सोडायचा फुगा) आणि तिच्या दोरीचं रीळ बरोबर असतंच, एसएमबीही उचल देते. एवढं करूनही ओझं पेलण्यापलीकडे राहत असेल तरच दुसरं ब्लॅडर घ्या, आणि त्याचा इन्फ्लेटर कुठे बांधायचा, नळी जोडून ठेवायची की नाही, हे प्रशिक्षकासमोर ठरवा.

कापडाबद्दल सुरतेत बोलणं म्हणजे जरा धाडसच. इथे लूमवरचं पोरही डेनिअर सांगतं: नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. साडीचं सूत पन्नास-पंचाहत्तर डेनिअरचं असतं आणि विंगच्या बाहेरच्या खोळीवर 1000 डेनिअरचं कॉर्ड्युरा नायलॉन लिहिलेलं दिसलं की इथला माणूस खूश होतो. पण हवा ती खोळ धरत नाही. हवा धरतं आतलं ब्लॅडर, पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या नायलॉनचं, कडा वेल्ड केलेलं. बहुतेक वेळा बिघाड कापडाच्या मधोमध होत नाही. तो होतो इन्फ्लेटरची नळी विंगला जिथे जोडलेली असते तिथे, डंप व्हॉल्व्हच्या रबरावर वाळूचा कण किंवा मिठाचा खडा बसतो तिथे, आणि बॅकप्लेट व टाक्यांचे पट्टे यांच्यामध्ये, जिथे सायकलची ट्यूब रिममध्ये चिमटावी तसं ब्लॅडर चिमटतं. टाक्यांच्या पट्ट्यांचे दोन बोल्ट एकमेकांपासून अकरा इंचांवर असतात. ते विंगच्या भोकांतून नीट गेले का, नट आवळताना मध्ये कापड आलं का, हे हाताने चाचपून पाहायचं. मग विंग गच्च फुगवून रात्रभर ठेवायची. सकाळी सैल पडली तर टबात बुडवून बुडबुडे शोधायचे. डुबकीनंतर आत गोडं पाणी घालून हलवून काढलं नाही तर मीठ आतूनच काम करतं.

एकाच विंगमध्ये एक टाकीही चालवू आणि दोनही, हा काटकसरीचा विचार समजण्यासारखा आहे, सामान महाग आहे. पण जोडटाक्यांची विंग रुंद असते, कारण तिला दोन टाक्यांच्या बाहेर येऊन फुगायचं असतं. एका टाकीवर तीच विंग दोन्ही बाजूंनी वर वळून टाकीला मिठी मारते, आतली हवा बाहेर काढणं कठीण होतं. उलट बाजूने अरुंद विंग जोडटाक्यांच्या खाली दबून नीट फुगतच नाही. बॅकप्लेट आणि हार्नेस एकच ठेवा, विंगा दोन.

तलावात सगळं जमलं म्हणून समुद्रात जमेल असंही नाही. माणूस आणि सामान मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भरतं, आणि समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. म्हणजे सुरतच्या तलावात नेमकं बसलेलं शिसं मालवणात तीन किलोने कमी पडेल. किनाऱ्यावर पोचल्यावर, टाक्यांत पन्नास बार उरले असताना, तीन मीटरवर रिकाम्या विंगनिशी स्थिर राहता येतं का हे पुन्हा तपासायचं. आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात जोडटाक्या लागतच नाहीत हेही सांगून टाकतो. तिथे त्या घालणं फोटोपुरतं. त्यांचा उपयोग जिथे खोली आणि अंतर दोन्ही आहे तिथे. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेली आंग्रिया बँक विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर समुद्रात बुडालेली आहे, तिचा माथाच वीस मीटरच्या आसपास, आणि डिसेंबर 2019 मध्ये शास्त्रज्ञ तिथल्या प्रवाळांची पाहणी करायला गेले ते जहाजाने. अशा ठिकाणी किनारा, दवाखाना, दुसरी बोट, काहीच हाताशी नसतं. तिथे जाण्याआधी जोडटाक्यांचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचं, आणि विंगची ऑर्डर देण्याआधी ज्या सेंटरकडून टाक्या घेणार त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या की स्टीलच्या, किती लिटरच्या, आणि पट्ट्यांच्या बोल्टमधलं अंतर किती.