मोहाचे झाड व त्यावर जगणारे प्राणी

गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वाचकांस मोहाचे झाड दाखवावयास नको. तथापि जे दररोज दृष्टीस पडते त्याचा विचार आपण क्वचितच करितो. म्हणून या पाठात त्या झाडावर कोण कोण जगते व झाडास त्यापासून काय मिळते हे पाहू.

फाल्गुनाच्या सुमारास मोहाची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांस कळ्यांचे घोस येतात. फूल उमलते ते रात्री. प्रथम स्त्रीकेसराचा दांडा बाहेर डोकावतो; पुंकेसर मागाहून पिकतात. पाकळ्या सुट्या नसतात, त्यांची मिळून एक मांसल, गोड कुपी झालेली असते, व पुंकेसर तिला आतून चिकटलेले असतात. काळोखात फळे खाणारी वटवाघळे या गोडीसाठी घोसांवर येतात आणि त्यांच्या अंगास लागलेला पराग या झाडावरून त्या झाडावर जातो. पहाटे ती कुपी गळून खाली पडते.

आता येथे नीट लक्ष द्यावे. खाली पडते ते सगळे फूल नव्हे. ज्यापासून फळ धरावयाचे तो बीजकोश आपल्या पुष्पकोशासह फांदीवरच राहतो. म्हणजे झाडाने काम उरकून जे टाकून दिले तेच चितळ, सांबर व अस्वल खातात, आणि तेच आपण टोपलीत भरितो. गळलेली फुले वेचल्याने फळ कमी येईल ही भीती व्यर्थ होय. वानरे मात्र वर बसून घोसच्या घोस ओरबाडतात. त्यांच्या हातून सांडलेले खावयास चितळांचा कळप खाली उभा असतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी फळे पिकतात आणि वटवाघळे पुनः येतात. फळ तोंडात धरून ती दूरच्या झाडावर जातात, गर खातात आणि बी तेथे टाकितात. हे बी फार दिवस जिवंत राहत नाही. पहिल्या पावसात रुजले तर रुजले. ज्या प्राण्यास आपण अशुभ म्हणून दगड मारितो तो अशा रीतीने मोहाचा पेरणारा आहे.

अस्वलाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण येथे जिवाची गोष्ट आहे. त्याचे नाक तीक्ष्ण, पण नजर मंद. वाळवी किंवा फुले खाण्यात ते गढले म्हणजे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास कळत नाही, आणि मग ते घाबरून अंगावर धावते. शिवाय अस्वलीची पिले बहुधा हिवाळ्यात जन्मतात. मोहाच्या दिवसांत ती आईच्या पाठीवर बसून हिंडत असतात. म्हणून उजाडण्यापूर्वी एकट्याने वेचावयास जाऊ नये. चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे. याच अस्वलाच्या विष्ठेतून बोरीच्या व बहाव्याच्या बिया रानभर पसरतात व रुजतात, हेही विसरू नये.

झाडाचे खरे नुकसान निराळ्याच गोष्टीने होते. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून झाडाखाली आग लावण्याची चाल पुष्कळ गावी आहे. ती आग बुंध्यापाशी थांबत नाही. रानात शिरते, आणि गेल्या पावसाळ्यात उगवलेली बोटभर रोपे त्यात जळून जातात. त्यातून वाचलेल्या झाडांच्या बिया आपण तेलासाठी झाडून गोळा करितो. यामुळे कित्येक ठिकाणी आजोबांच्या काळचे मोह उभे आहेत, पण जवळपास हातभर उंचीचे रोप शोधून सापडत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने असे गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी लोकांस दिला. 2009 साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या गावास असा हक्क आहे तेथे आग लावण्याची चाल कशी थांबवावी, हे गावाने बसून ठरवावयाचे आहे. पाचोळा खराट्याने झाडून बाजूस करिता येतो. जुनी लुगडी किंवा जाळे झाडाखाली पसरले म्हणजे फुले स्वच्छ मिळतात, मातीची फुले कमी दरात जातात तसे होत नाही, आणि वाकण्याचे श्रमही वाचतात. बियांपैकी काही तरी दर वर्षी रानात राहू द्याव्या. आणि पहिला पाऊस पडताच चार ताज्या बिया बांधावर पुरून त्यांस गुरांपासून कुंपण करावे.