गोळी कोठे जाते?

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातील काळ्या रानात कापसाची वेचणी भरात येते. मानवत, सेलू, जिंतूर या भागांत बाया सकाळीच कमरेला ओटी बांधून शेतात उतरतात आणि दिवस मावळेपर्यंत वाकून कापूस वेचतात. मजुरी वजनावर मिळते. त्यामुळे दुपारची भाकरी कित्येकदा अर्धीच खाल्ली जाते. संध्याकाळी कंबर सरळ करणे जिवावर येते. मग वाटेवरच्या दुकानातून अंगदुखीची एक गोळी घ्यावयाची आणि रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबर गिळावयाची. तासाभरात दुखणे ओसरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट, तेच दुकान आणि तीच गोळी.

मुलांनो, येथे एक प्रश्न मनात यावयास हवा. दुखते ती कंबर, आणि गोळी तर पोटात जाते. मग नेमकी कंबरच दुखते आहे, हे त्या गोळीला कोण सांगते?

खरे पाहता कोणीच सांगत नाही. गोळी जठरात विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. आपल्याला लचक भरली किंवा मार लागला, की त्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. नाव मोठे असले, तरी त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यांच्यामुळे ती जागा लाल होते, सुजते व ठणकते. यालाच दाह म्हणतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दाहशामक गोळ्या ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली हे दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. गंमत अशी, की तोपर्यंत ॲस्पिरिन बाजारात येऊन सत्तर वर्षे उलटली होती! वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल तापावर व दुखण्यावर देण्याची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. गुण ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हते.

कारण कळले, तेव्हा धोकाही उमगला. हीच द्रव्ये जठरात निराळे काम करीत असतात. जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की त्याने जठराचेच अस्तर जळावे. परंतु या द्रव्यांच्या योगे त्या अस्तरावर बुळबुळीत लेप टिकून राहतो. शेतातील जागल्या रानडुकरांना हाकलण्यासाठी रात्रभर ओरडतो. झोपमोड होते म्हणून त्याला गप्प केले, तर पिकाचे काय होईल? गोळी कमरेचा ठणका गप्प करते, तेव्हा जठराचा राखणदारही गप्प होतो. वारंवार असे घडले, तर अस्तराला व्रण पडतो व रक्तही वाहू लागते. शौचास डांबरासारखी काळी होऊ लागली, तर ते आतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. अशा वेळी तत्काळ दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडांचेही तसेच आहे. शरीरातील पाणी कमी झाले, की त्यांना होणारा रक्ताचा पुरवठा सांभाळण्यास हीच द्रव्ये मदत करतात. परभणीचा उन्हाळा तुम्हांस माहीत आहेच. घाम गाळून शरीर सुकले असता, किंवा जुलाब व उलट्या होत असता ही गोळी घेणे मूत्रपिंडांस जड जाते.

किती जड जावे, याचे एक दारुण उदाहरण गिधाडांचे आहे. पूर्वी माळावर ढोर मरून पडले, की आकाशातून गिधाडे उतरत आणि पाहता पाहता सांगाडा मोकळा करीत. १९९० नंतर ती भराभर नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर शंभरांत एकही उरले नाही, अशी दशा झाली. २००४ साली उलगडा झाला. आजारी बैलांना व गाईंना डायक्लोफिनॅक टोचले जाई. ते जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, की त्या मांसातील लेशमात्र औषधानेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडांचे शरीर या औषधापुढे अगदीच दुबळे. माणसाचे तसे नाही. तरीही भारत सरकारला २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनविण्यावर बंदी आणावी लागली.

तर मग या गोळ्या वाईट आहेत काय? मुळीच नाही. संधिवाताने जखडलेल्या माणसास त्यांच्यामुळेच चार पावले टाकता येतात. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, सांगितले तितकेच दिवस, जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी, म्हणजे बहुतेकांस ती सोसते. ज्यांना रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नये. डेंगीच्या तापात तर या गोळ्या टाळाव्यातच; त्यांमुळे रक्तस्रावाची भीती वाढते. मुलांस तापात ॲस्पिरिन देत नाहीत, आणि निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांस देण्यास आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे. तुमच्यापैकी कित्येक जण अजून त्या वयाचे आहेत!

पॅरासिटामॉलची जात थोडी निराळी. ती ताप व दुखणे कमी करते, पण सूज फारशी उतरवीत नाही. जठरास ती सौम्य असली, तरी मात्रेबाहेर घेतल्यास यकृत बिघडविते.

आणखी एक फसगत नेहमी होते. दुकानातील दोन पाकिटांवर दोन निरनिराळी नावे असतात. एका गोळीने भागले नाही, म्हणून दुसऱ्या पाकिटातील गोळी घेतली जाते. पण ते नाव कारखान्याने ठेवलेले असते. औषधाचे खरे नाव वेगळे छापलेले असते. दोन्हींवर ते एकच असले, तर माणसाच्या नकळत दुप्पट औषध पोटात जाते. ही अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. वेचणीहून थकून आलेल्या आईला किंवा आजीला ती चिमणीएवढ्या उजेडात कशी दिसावी? घरात ती वाचू शकणारे पुष्कळदा तुम्हीच असता. दोन्ही पाकिटे दिव्याजवळ धरा, औषधांची खरी नावे मोठ्याने वाचा, वापरण्याची मुदत पाहा. तोवर तव्यावरची भाकरी होईल, आणि गोळी त्यानंतर.