सुप्याच्या फुगवट्याकडेची सायकल

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सुपा जलाशयाला सायकलने प्रदक्षिणा घालता येत नाही. नकाशावर हे निळं पाणी पाहिलं की पवनेसारखी किंवा मुळशीसारखी गोल फेरी मारायचा मोह होतो. पण उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यातल्या या धरणाचं पाणी डोंगरांच्या खाचांमधून बोटं पसरल्यासारखं आत गेलेलं आहे आणि पश्चिमेकडे गोव्याच्या हद्दीपर्यंत दाट जंगल आहे. काठाकाठाने जाणारा डांबरी रस्ता नाही. म्हणून इथली रीत अशी, की एका जागी मुक्काम करायचा, रोज वेगळ्या दिशेला निघायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. परतीच्या प्रवासात तोच रस्ता उलट्या चढ-उताराचा आणि वेगळ्या उजेडाचा होतो, त्यामुळे कंटाळा येत नाही.

पाण्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. काळी नदीवरचं हे धरण १९७४ साली बांधायला घेतलं आणि १९८७ साली पुरं झालं. उंची १०१ मीटर, म्हणजे कोयनेच्या जवळपास. साठा मात्र सुमारे १४७ टीएमसी, कोयनेच्या १०५ टीएमसीच्या जवळजवळ दीडपट. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नावही पूर्वी सुपा होतं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या आणि उठलेल्या अनेक कुटुंबांची वसाहत रामनगरला झाली. रामनगरच्या चहाच्या टपरीवर एखादे आजोबा ‘आमचं गाव पाण्यात आहे’ म्हणाले, तर सायकल भिंतीला टेकवून दहा मिनिटं ऐकावं. त्या दिवसाचं वेळापत्रक थोडं पुढे गेलं तरी चालेल.

महिना आणि वार ठरवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात हिरवाई अफाट असते, पण धो धो पाऊस, जळवा आणि घाटातल्या दरडी यांच्यात सायकल चालवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मार्चपासून ऊन तापतं आणि पाणी काठ सोडून खाली जातं. उरतो लाल चिखलाचा पट्टा. तो वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो, तेव्हा फोटोसाठी सायकल घेऊन खाली उतरू नका. वार मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी दांडेली ते गणेशगुडी रस्त्यावर राफ्टिंगला निघालेल्या गाड्यांची रीघ असते, मग शांत रस्ता म्हणायला काही उरत नाही. माघ पौर्णिमेच्या आसपास उळवीचा रस्ताही टाळा. तिथे चन्नबसवेश्वराची जत्रा असते आणि धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात. बघायला जरूर जा, पण सायकलने नव्हे.

मुक्काम निवडा. गणेशगुडी किंवा जोयडा. गणेशगुडीला राहण्याची सोय जास्त, जोयड्याला बाजार, खाणावळ आणि दवाखाना हाताशी. मी जोयडा निवडीन. मिरज-बेळगावकडून रेल्वेने यायचं तर लोंढ्याला उतरा आणि सायकल आधीच लगेजमध्ये नोंदवा. लोंढा ते रामनगर हा बेळगाव-गोवा महामार्ग आहे, त्यावर ट्रक भरधाव असतात. तेवढा टप्पा सायकल टेम्पोत टाकून पार केला तर त्यात कमीपणा नाही. रामनगरहून जगलबेटकडे वळलं की गर्दी विरळ होते.

सायकल तयार करा. इथे तुमचे गुडघे आणि ब्रेक, दोघांचीही परीक्षा आहे. रस्ता सपाट असा फारसा नाहीच. ओढ्यात उतरायचं, पुन्हा चढायचं, असं दिवसभर चालतं. मागचा मोठ्यातला मोठा दातेरी चक्का ३२ दातांचा तरी असावा. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ उत्तम. ब्रेकचे पॅड निम्मे झिजले असतील तर घरीच बदला. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेनची जोडकडी आणि ती बसवण्याचं हत्यार बरोबर ठेवा. जोयड्यात हवा भरून मिळेल, पंक्चर निघेल. गिअरच्या सायकलीचा सुटा भाग मिळेल असं धरून चालू नका. अडीच लिटर पाणी, ओआरएस, सुटे पैसे आणि शिट्टी. मोबाइलचं नेटवर्क पट्ट्यापट्ट्याने जातं, तेव्हा नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या.

त्या नकाशाबद्दल एक सावधगिरी. मुख्य रस्ता सोडून पाण्याकडे जाणारी बारीक रेघ दिसली की मोह होतो. ती धरणाआधीची, आता पाण्यातच संपणारी वाट असू शकते, किंवा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिरणारी. दुसऱ्या प्रकारात परवानगीशिवाय पाऊल टाकणं गुन्हा आहे. वनखात्याचं फाटक दिसलं की तिथेच वळा, मग फाटक उघडं का असेना.

गावात विचारा. हे काम आदल्या संध्याकाळी करा. भाषेची अडचण येत नाही. जोयड्यात कोकणी आणि मराठी दोन्ही चालतात, आणि जंगलातल्या वाड्यांवरचे गवळी धनगर मराठीच बोलतात. मात्र ‘रस्ता चांगला आहे का हो मामा?’ असं विचारू नका. पाहुण्याला ‘नाही’ म्हणणं कुणाला आवडत नाही. ‘त्या बाजूला बस जाते का? शेवटची परत कधी येते?’ असं विचारा. बस जात असेल तर रस्ता धड आहे, आणि सायकल मोडली तर घरी यायची सोयही. दुसरा प्रश्न: ‘गवा सध्या कुठे दिसतो?’ याचं उत्तर अगदी नेमकं मिळतं, मोरीच्या किंवा वळणाच्या खुणेसकट.

पहिल्या दिवशी जोयडा ते गणेशगुडी आणि परत. अंतर थोडं आहे, म्हणूनच आधी घ्या. पाय आणि ब्रेक दोन्ही कळतात. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो. त्याआधी निघू नका. अंधारात रस्त्यावर गवे उभे असतात आणि काळ्या अंगाचा गवा काळ्या डांबरावर दिव्यातही उशिरा दिसतो. निघताना पुढचा-मागचा दिवा मात्र लावूनच ठेवा, कारण धुकं आठपर्यंत राहू शकतं. गणेशगुडीला काळी ओलांडणाऱ्या पुलावरून धरणाची भिंत समोर दिसते. तिथे थांबा, पण आंघोळीला नदीत उतरू नका. वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी बघता बघता वाढतं. धरणावर जायला कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनची परवानगी लागते. नसेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका.

दुसऱ्या दिवशी गणेशगुडी ते जगलबेट. जोयड्याला उतरला असाल तर गणेशगुडीपर्यंतचा टप्पा पुन्हा येतो, हे धरून निघा. या बाजूला डोक्यावरून धनेश गेला तर आधी पंखांचा आवाज ऐकू येतो, पक्षी नंतर दिसतो. दांडेलीच्या आसपासचं जंगल २०११ पासून धनेशासाठी राखीव क्षेत्र आहे. जानेवारीनंतर रस्त्यावर सागाची पानं पडतात. सुपाएवढं पान खड्डा पुरा झाकतं, आणि दवाने ओलं असेल तर वळणावर चाक सटकवतं. उतारावर पानांचा थर आला की आधीच वेग कमी करा, पानांवर आल्यावर ब्रेक दाबू नका.

तिसरा दिवस दक्षिणेला. जोयड्याहून कुंभारवाडा, तिथून पाय म्हणतील तसं उळवी किंवा अणशी. पाणी मागे राहतं, पण रस्ता सगळ्यांत शांत हाच. अणशीच्या पुढे घाट कद्र्याकडे उतरतो. तो उतरू नका, कारण उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं असतं. कारवारला मुक्काम ठरलेला असेल तर गोष्ट वेगळी. परत फिरण्याची वेळ घड्याळावर ठरवा, किलोमीटरवर नाही. कुठेही असा, साडेबाराला सायकल वळवा. पाचच्या आत गावात हवंच.

गवा आडवा आला तर पन्नास-साठ मीटरवर थांबा, खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि गप्प उभे राहा. घंटी नको, दिवा मिचकावणं नको, मोबाइल उंच करणं नको. तो आपणहून जातो. मागून बस किंवा जीप आली तर तिच्या आडोशाने निघा. हत्ती दिसला किंवा ताजी लीद दिसली तर विचार न करता मागे वळा.

जेवण जोयड्यातच चांगलं मिळतं. जानेवारीच्या सुमारास इथे कुणबी समाजाचा कंदमेळा भरतो. तारीख जुळली तर एक दिवस सायकल बाजूला ठेवून उकडलेले कंद खा आणि थोडे घरीही न्या.

शेवटचं काम मुक्कामी पोचल्यावरचं. पाचोळ्यात बसला असाल वा नसाल, मोजे, कंबर, काखा आणि कानामागची जागा गोचिडांसाठी तपासा. सिंधुदुर्ग आणि सत्तरीकडच्या लोकांना गोचिडांमुळे होणारा माकडताप माहीत आहे. तो उत्तर कन्नडमध्येही होतो, आणि सायकलीचा मोसम हाच त्याचाही मोसम आहे. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मी जोयड्याच्या जंगलातून आलो आहे.