टिपण आधी, लेखन नंतर

निबंध, अहवाल अथवा ठराव लिहावयास बसलेल्या माणसाची पहिली अडचण बहुधा शब्दांची नसते, सामग्रीची असते. माहिती पुष्कळ जमलेली असते; परंतु तीपैकी कोणती कोठून आली, ती कितपत विश्वसनीय आहे आणि कोणत्या मुद्द्यास उपयोगी पडेल, याचा निवाडा झालेला नसतो. हा निवाडा लेखनापूर्वी व्हावयास हवा. साधनांवर टिपणे करणे आणि लेखनाचा आराखडा आखणे ही त्याची दोन अंगे होत.

महाराष्ट्रात या शिस्तीची परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मालेचे २२ खंड झाले. समकालीन अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांचे मोल सारखे मानता येत नाही, हे त्यांनी अभ्यासकांच्या मनावर बिंबविले. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणासाठी लिहिला, हे तीन प्रश्न आजच्या विद्यार्थ्यानेही विचारावयाचे आहेत.

उदाहरणादाखल एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. ‘१९७२ चा दुष्काळ आणि आपले गाव’ या विषयावर तिला निबंध लिहावयाचा आहे. ती जिल्हा गॅझेटिअर चाळते, ग्रामपंचायतीचे जुने दप्तर पाहते, पाझर तलावाच्या बांधावरील कोनशिला वाचते आणि वृद्ध ग्रामस्थांना भेटते. आठवड्याभरात वही भरते. ‘हे वाक्य कोठले?’ असे शिक्षकांनी विचारताच मात्र तिला उत्तर देता येत नाही. कागदातील मजकूर, ऐकीव गोष्ट आणि तिचे स्वतःचे मत एकाच शाईत मिसळून गेलेले असते. वही भरली, पण अभ्यास झाला नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानी येते.

दुसऱ्या खेपेस ती वहीच्या पानाचे उभे दोन भाग करते. उजव्या बाजूस साधनातील मजकूर. डाव्या बाजूस तो कोठून मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला आणि त्यावर आपल्याला काय वाटते, याची नोंद. जसेच्या तसे उतरविलेले शब्द ती अवतरणचिन्हांत ठेवते; सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिते; शंका असेल तेथे समासात प्रश्नचिन्ह काढते.

या प्रश्नचिन्हांचा लाभ लवकरच दिसतो. तलाव १९७२ मध्ये झाला, असे एक वृद्ध गृहस्थ सांगतात. कोनशिलेवर १९७४ हे वर्ष आहे. दोहोंपैकी एक खोटे, असा निष्कर्ष घाईने काढणे सोपे होते. परंतु समासात ‘काम सुरू केव्हा, पूर्ण केव्हा?’ असा प्रश्न लिहिलेला असल्यामुळे ती दप्तराकडे परत वळते. खोदाई दुष्काळी काम म्हणून आरंभिली गेली आणि पूर्तता पुढे झाली, असा उलगडा होतो. माणसाच्या स्मरणात काम सुरू झाल्याचे वर्ष राहिले, दगडावर ते पुरे झाल्याचे वर्ष कोरले गेले. दोन्ही साधने खरी. त्यांचे प्रश्न वेगळे.

त्याहून मोठी गोष्ट तिला एका आजींच्या बोलण्यातून उमगते. कोनशिलेवर उद्घाटकांचे नाव आहे. खडी फोडणाऱ्या आणि डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांचे नाही. कामावर मिळालेली सुकडी आणि घरी शिजलेला मिलो यांच्या आठवणी कोणत्याही कागदात नाहीत. अशा वेळी तोंडी साक्ष टाकून देणे हा अन्याय ठरतो आणि ती न पारखता स्वीकारणे हा आळस ठरतो. ती आजींचे कथन दुसऱ्या दोघींकडून पडताळून घेते आणि ‘तोंडी माहिती’ असा स्पष्ट उल्लेख करून त्यास निबंधात स्थान देते.

यानंतर येते लेखनाची पूर्वतयारी. प्रथम ती निबंधाचे उत्तर एका वाक्यात लिहिते : दुष्काळाने गावाची पिके नेली, पण सामुदायिक श्रमाने पाण्याचे कायमचे साधन दिले. मग प्रत्येक टिपण सुट्या चिठ्ठीवर उतरवून ती चिठ्ठ्या मुद्द्यांनुसार लावते. या वाक्याशी संबंध नसलेल्या चिठ्ठ्या, कितीही आवडत्या असल्या तरी, बाजूस ठेवते. ज्या मुद्द्याखाली एकच चिठ्ठी पडते, तेथे अधिक शोध हवा, हे आपोआप कळते. राज्यातील रोजगार हमीचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. म्हणून १९७२ च्या कामास त्या कायद्याखालील काम म्हणणे चूक ठरेल, हेही चिठ्ठ्या कालक्रमाने मांडताना तिच्या ध्यानी येते.

ही पद्धत केवळ विद्यार्थ्यांची नव्हे. तलावातील गाळ काढण्याचा प्रस्ताव मांडणारा पंचायत सदस्य, टंचाईचा अहवाल पाठविणारा अधिकारी आणि विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करवून घेणारा शिक्षक यांनाही ती तितकीच उपयोगी आहे. अहवालातील एका निराधार वाक्यावर निधी वळतो, एका वगळलेल्या नोंदीमुळे वस्ती तहानलेली राहते. समासातील लहानसे प्रश्नचिन्ह वेळीच काढले, तर असे पुष्कळसे नुकसान टळते.