बासचं आमिष, मरळीचे दात

पैनगंगेच्या डोहातून मरळ काढायला हदगाव तालुक्यातल्या पोरांना फारसं साहित्य लागत नाही. बांबूची काठी, वाव-दोन वाव तंगूस, चिपाडाच्या तुकड्याचा तरंगा आणि गळाला लावलेली बेडकी, एवढ्यावर काम भागतं. हे लिहिणाराही त्याच काठीवर शिकला. एका उन्हाळ्यात मात्र मोबाईलवर अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ पाहून त्याने तीन क्रँकबेट मागवली. पहिल्याच सकाळी दोन आमिषं नदीत गमावली आणि तिसऱ्याचा गळ अंगठ्यात रुतवून घेऊन दवाखाना गाठला.

क्रँकबेट आता कुणालाही घरपोच मिळतं. म्हणून त्या सकाळी काय काय चुकलं, ते क्रमाने सांगायला हवं.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, फुगीर पोटाचा खोटा मासा. त्याच्या तोंडाखाली एक तिरकी पट्टी असते, तिला ओठ म्हणतात. काठीला बसवलेली चरखी फिरवून दोरी ओढली की पाणी या ओठावर आदळतं, आमिष खाली बुडतं आणि घायाळ माशासारखं डावी-उजवीकडे डुलतं. पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे दोन गळ. म्हणजे हाताएवढ्याही नसलेल्या वस्तूला सहा टोकं.

या डुलण्यामागे जुनं निरीक्षण आहे. फिनलंडचे मच्छीमार लाउरी रापाला यांनी पाहिलं होतं, की थव्यातला जो लहान मासा लंगडत पोहतो त्याच्यावरच शिकारी मासा झडप घालतो. 1936 मध्ये त्यांनी बुचातून तसा डुलणारा मासा कोरला. पुढे अमेरिकेतल्या टेनेसीत फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडातून ‘बिग ओ’ नावाचं गुबगुबीत आमिष घडवलं. त्याचा ओठ आखूड आणि चौकोनी. बास हा मासा पाण्यात बुडालेल्या खोडांच्या, फांद्यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. चौकोनी ओठ खोडावर आपटला की आमिष बाजूला उसळतं आणि गळ सहसा लाकडात रुतत नाहीत. 1970च्या दशकात ‘बिग ओ’ प्लास्टिकमध्ये निघालं आणि तसली आमिषं सगळीकडे पसरली.

हे सगळं आधी वाचलं असतं तर पहिली चूक टळली असती. मागवलेल्या तिन्ही आमिषांचा ओठ लांब होता. लांब, सपाट बसवलेला ओठ आमिषाला खोल नेतो, आखूड आणि उभा ओठ वरच्या थरात ठेवतो. मे महिन्यातल्या त्या डोहात पाणी जेमतेम छातीएवढं, तळाला दगड आणि पुरात वाहून आलेली बाभळीची खोडं. खोल जाणारं आमिष सरळ तळ नांगरत निघालं. पहिलं दुसऱ्याच फेकीत अडकलं. हिसके देऊन सोडवायला गेल्यावर दोरी तुटली. दुसऱ्याचंही तेच झालं.

उपाय साधा आहे. आमिष बांधण्याआधी दोरीला जड नट बांधून दोन-चार ठिकाणी पाण्याचा अंदाज घ्यावा. खोलीप्रमाणे ओठ निवडावा. तरंगणारं क्रँकबेट अडकलं की ओढू नये, दोरी सैल सोडावी. बरेचदा ते उलट्या दिशेने वर येऊन आपोआप सुटतं. दोरीही लक्षात घ्यावी, जाड दोरीवर आमिष कमी खोल जातं.

दुसरी चूक मात्र रक्त काढणारी ठरली.

तिसऱ्या आमिषाला मरळ लागली. व्हिडिओतला माणूस बासला खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलत होता. बासचे दात सँडपेपरसारखे बारीक खरखरीत असतात, त्यामुळे त्याला ती पकड जमते. मरळीचे दात टोकदार. शिवाय तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून पाण्याबाहेर काढली तरी ती लवकर दमत नाही. अंगठा तोंडाशी जाताच तिने अंगाला पीळ दिला आणि शेपटीकडचा मोकळा गळ टोकामागच्या उलट्या काट्यासकट अंगठ्यात शिरला. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला उड्या मारणारी मरळ. तिच्या प्रत्येक हिसक्याबरोबर गळ आणखी आत जात होता.

काठावर जाळं सुकवत बसलेले एक भोई काका धावून आले. त्यांनी ओलं पोतं मरळीवर टाकून ती गुडघ्याखाली दाबली आणि गळ आमिषाला जोडणारी कडी पकडीने तोडली. दवाखान्यात डॉक्टरांनी जागा बधिर केली, गळ उलटा न ओढता पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, काटा कापला आणि मग उरलेला गळ मागे घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं.

काकांनी केलं तेच आधी करायचं असतं: मासा स्थिर करणं आणि माणसाला त्याच्यापासून सोडवणं. मोकळ्या टोकांवर चिकटपट्टी गुंडाळावी. काट्याचा गळ घरी उपसून काढू नये. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा खोल रुतला असेल तर त्याला हातही न लावता दवाखाना गाठावा. आणि ही वेळच येऊ नये म्हणून नवं आमिष हातात आल्याबरोबर पकडीने सगळे काटे दाबून सपाट करावेत. तिहेरी गळांच्या जागी एकेरी गळ लावले तर आणखी बरं. मरळीच्या तोंडातला गळ बोटांनी काढू नये, लांब नाकाची पकड वापरावी.

लांब फेक करायच्या काठीबरोबर आणखी एक धोका येतो. ही काठी बहुधा कार्बनची असते आणि कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे शेतांतून विजेच्या तारा लोंबलेल्या असतात, मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजाही कडाडतात. तारेखाली काठी उभी धरू नये, आभाळ गडगडलं की ती आडवी ठेवून काठ सोडावा. इसापूर धरणातून पाणी सोडल्याची सूचना असेल तर पैनगंगेच्या पात्रात उतरूच नये.

धरणं आणि तलावांवर मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तिथे गळ टाकण्याआधी त्यांना विचारावं, ते त्यांच्या पोटापाण्याचं पाणी आहे. पावसाळ्यात काठालगत तांबूस पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसला तर तिथे आमिष फेकू नये. खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिला उचललं तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

हे लिहिणाऱ्याने क्रँकबेट टाकून दिलेलं नाही. पावसाचं गढूळ पाणी निवळलं की आखूड ओठाचं आमिष मोकळ्या पाण्यात चालतं. शेवाळ आणि पाणवनस्पतींत मात्र तो रबराची पोकळ बेडकी वापरतो, कारण तिचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात आणि गवतात अडकत नाहीत. लांब नाकाची पकड आता पिशवीत नसते. ती कमरेला दोरीने बांधलेली असते, उजव्या हाताला, एका हाताने काढता येईल अशी.